हजार पौर्णिमांना पस्तीस कमी

...आणि वर मलाच विचारतात हो! परवा कोपरच्या रिक्षा स्टँडवर उभा होतो, तर एक पालक, त्यांचा मुलगा माझ्या क्लासला आहे, लांबून हात करून ओरडतायत, "सर, पत्रिकेवर तर हजार पौर्णिमा छापल्या होत्यात, त्यातल्या पस्तीस कुठे गेल्या?" आता मी काय पौर्णिमा खाल्ल्या? खिशात घातल्या? पण तुम्हाला सांगतो, मी मान खाली घातली आणि मिळेल त्या रिक्षात बसलो. रिक्षा कुठे चाललीय तेसुद्धा विचारलं नाही. शास्त्रीनगरला जाऊन उतरलो, तिथून चालत घरी आलो.

बरं, मी कोणी अडाणी असतो तर गोष्ट वेगळी. मी गणिताचा मास्तर! आनंद सर, डोंबिवली पश्चिम, कोपर, तळमजला, घराच्या पुढच्याच खोलीत क्लास, नववी-दहावी गणित, बावीस वर्षं. बाहेर बोर्ड बघा कधी आलात तर... 'शाब्दिक उदाहरणांना घाबरता? आमच्याकडे या!' म्हणजे मुलं समीकरण सोडवतात हो, समीकरणाची कोणाला भीती नसते. पण 'आईचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, पाच वर्षांपूर्वी ते...' असं वाक्य आलं की पोरांचे चेहरे असे होतात, जणू घरी पाहुणे आले आणि दूध संपलंय. तिथे मी लागतो. मी म्हणतो, घाबरायचं नाही, जे माहीत नाही त्याला एक्स मानायचं. आईचं वय माहीत नाही? एक्स मानू. मुलाचं नाही? वाय मानू. मानायला काय जातंय!

मग पोरं विचारतात, "सर, एक माणूस साठ कलिंगडं कशाला घेईल?" अरे बाबा, घेतली त्यानं, तुला काय करायचंय, मानायला काय जातंय! "सर, घोडबंदर रोडवर गाडी ताशी साठनं कशी जाईल?" एका विद्यार्थिनीची आत्या तिकडे राहते, ती पोरगी तर हसत सुटते. अगं, जाते असं मान! असमानता शिकवताना मी शेअर रिक्षाचं उदाहरण देतो, प्रवासी तीन किंवा तीनापेक्षा कमी... की लगेच मागून आवाज, "सर, चार बसवतात." बसवतात रे, पण कागदावर तीन आहेत ना? मग तीन! गणितात कागदावर असतं तेच खरं. हे माझं वाक्य. बावीस वर्षं छातीठोकपणे म्हटलेलं वाक्य. हेच मला नडलं.

सुरुवात कशी झाली सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. म्हणजे माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या की घरचे लोक पूजा करतात, दिवे ओवाळतात, जेवणावळ घालतात. एक्याऐंशीव्या वर्षी येतो हा योग. आई गेलेली जेवायला. आमची आई, केशरबाई, मूळची मुरबाडकडची, हल्ली माझ्याकडेच असते. जेवून आली, पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाली, "आनंदा, माझ्या झाल्या असतील का रे हजार?"

एवढंच. आमच्या आईनं आयुष्यात कधी काही मागितलं नाही हो. साडी आणली तर म्हणते कशाला आणलीस, डॉक्टरकडे नेलं तर म्हणते कशाला नेलंस. आणि ती विचारतेय, माझ्या झाल्या असतील का! मी म्हटलं, "तुझं वय किती, आई?" तर म्हणाली, "मला काय ठाऊक?"

खरंच ठाऊक नाही! आधार कार्डावर एक जून एकोणीसशे पन्नास आहे, पण ते कसं आलं माहितीये? कॅम्पमध्ये पोरीनं विचारलं, "आजी, साल?" आई म्हणाली, "लिही बाई काहीतरी." तिनं लिहिलं! आमच्या अख्ख्या गावाचा वाढदिवस एक जूनला. जूनच्या एक तारखेला गावात कोणी कोणाला शुभेच्छा देत नाही, कारण देणार कोण? सगळेच उत्सवमूर्ती.

पण इथे एक गोष्ट मला टोचली, आणि ती आधी सांगून टाकतो. बावीस वर्षं मी रोज फळ्यावर आईचं वय काढतोय. शेकडो आया! कोणी मुलाच्या तिप्पट, कोणी चौपट, कोणाची बेरीज साठ. आणि स्वतःच्या आईला एकदाही विचारलं नव्हतं, तू किती वर्षांची? पन्नास वर्षांचा घोडा झालो मी! लाज वाटली. पण लाज वाटली की माणसानं गप्प बसावं ना? मी नाही बसलो. मी म्हटलं, आई, थांब. माहीत नाही ना? एक्स मानू!

नंदा, म्हणजे आमची बायको, तेव्हाच म्हणाली, "अहो, जरा मोठ्या दादांना विचारा, मालनमावशींना विचारा, सगळे मिळून ठरवा." मी म्हटलं, विचारतो ना! अटी गोळा करायला विचारावंच लागतं. तर बसलो फोन घेऊन. पहिला फोन मालनमावशीला. आईची धाकटी बहीण, मुरबाडलाच असते, आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही, टेबलावर ठेवला तरी चालतो. मी विचारलं, "मावशी, तुझ्यात आणि आईत अंतर किती?" तर म्हणाली, "आमच्यामध्ये दोन भाऊ, प्रत्येकात तीन-तीन वर्षं." म्हणजे नऊ. झालं पहिलं समीकरण, एक्स वजा वाय बरोबर नऊ! "आणि मावशी, आईच्या लग्नात तू केवढी होतीस?" "अरे, बरोब्बर निम्म्या वयाची! तुझा आजोबाच चिडवायचा ना, मोठीला देतो तर धाकटी अर्धी फुकट! आणि आनंदा, ऐक, माझ्या जन्माच्या वर्षी आमच्या दारात विहीर—"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मावशी, बास! दोन चलं आहेत, दोन समीकरणं पुरतात, जास्तीची माहिती दिलीस की गोंधळ होतो." आणि फोन ठेवला. ठेवला हो! विहीर अर्धी राहिली.

आता राहिलं, लग्नाला वर्षं किती झाली? आईला विचारलं, तर सालं तिला कुठली आठवायला? म्हणाली, "लग्नानंतर दोन वर्षांनी महिपत झाला." महिपत म्हणजे आमचा मोठा भाऊ. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होता, बाबा होते त्याच कारखान्यात. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा, त्यानंतर दादाच लागला त्यांच्या जागी. तीन वर्षांपूर्वी अठ्ठावन्न पुरी झाली, रिटायर झाला. म्हणजे आज एकसष्ट. म्हणजे लग्नाला त्रेसष्ट वर्षं. सोप्पं!

आई म्हणाली, "कागदावरचं धरू नकोस रे."

मी म्हटलं, "आई, गणितात कागदावर असतं तेच खरं."

ती उठून आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. तुम्हाला सांगतो, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती, आणि मला कळलं नाही!

मग दादाला कळवलं, की असं असं, तुझ्या वयावरून आईचं वय काढतोय. तर दादा म्हणजे, तुम्हाला सांगतो, फार बोलणारा नाहीच तो. म्हणाला, "आनंदा, माझं वय कशाला घेतोस त्यात? दुसरं काहीतरी घे ना." आणि मी... आता हे सांगताना पण कान गरम होतायत... मी हसून म्हटलं, "दादा, तू तीनदा दहावीला बसलेला माणूस, गणितात नको पडूस!"

कारण आमच्या घरात ते ठरलेलंच होतं. म्हणजे मीच ठरवलेलं. दादा नोकरीला लागला तेव्हा अठराचा, आणि शाळा सोडली दहावीत. दहावीत पंधरा-सोळाचा असायला हवा, हा अठराचा. म्हणजे किती वेळा नापास? वजाबाकी करा! तीनदा. मी ते क्लासमध्ये पण सांगायचो, दरवर्षी, पहिल्याच दिवशी. "मुलांनो, माझा सख्खा भाऊ पस्तीस मार्कांसाठी तीन वर्षं अडकला, का? तर उत्तर आलं की ताळा करत नव्हता. तुम्ही ताळा करा!" पोरं हसायची. बावीस बॅचेस हसल्या त्याच्यावर. आणि त्या दिवशी फोनवर दादा पण हसला, म्हणाला, "हां, ते पण आहे म्हणा."

तर मांडलं समीकरण. लग्नात आई एक्स वजा त्रेसष्ट, मावशी वाय वजा त्रेसष्ट, एक दुसऱ्याच्या दुप्पट. सोडवलं. वाय बरोबर बहात्तर, एक्स बरोबर... एक्याऐंशी! अहो, मी खुर्चीतून उठलो! पूर्णांकात उत्तर! आयुष्यात बाहेरचं उदाहरण कधी पूर्णांकात येत नाही, कुठेतरी सात छेद तीन येतंच. मग लगेच असमानता. वर्षाला बारा पौर्णिमा, त्यात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, म्हणजे वयाला दोनशे पस्तीस छेद एकोणीसनं गुणा, हजाराहून मोठं किंवा हजाराएवढं यायला हवं. आलं किती? एक हजार एक! एक हजार एक हो! देवानं शगुनाचं पाकीट द्यावं तसं वर एक. नंदाला ओरडून सांगितलं, ती म्हणाली, "ताळा केलात का?" मी म्हटलं, "मला विचारतेस? मला?"

हॉल घेतला. पत्रिका छापल्या. दीडशे माणसं. आणि मला काय दुर्बुद्धी झाली, मी पूजेच्या बाजूला फळा ठेवला! नंदा म्हणाली, "अहो, पूजेत फळा कशाला?" आता खरं सांगू? नव्या बॅचचे पालक येणार होते. म्हटलं, बघू देत, शाब्दिक उदाहरण जगण्यात कसं उतरतं ते. आईच्या पूजेत मी स्वतःच्या क्लासची जाहिरात केली. हे एक कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो.

तर तो रविवार. आई हिरव्या साडीत, नाकात नथ, पाटावर बसलेली, लहान मुलीसारखी दिसत होती. गुरुजींनी संकल्प सोडला. एक्याऐंशी दिवे पेटवून दोन मोठ्या परातींत मांडलेले. दादा मागच्या रांगेत खुर्च्या लावत होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो कुठेही गेला की खुर्च्या लावतो. आणि मी गुरुजींना म्हटलं, "एक मिनिट हं," आणि खडू हातात घेतला.

सगळं समजावलं. पालक माना डोलावतायत. एक जण तर फोटो काढत होता फळ्याचा. आणि मी शेवटी दणक्यात म्हटलं, "म्हणजे आईचं वय एक्याऐंशी, आणि आमच्या मालनमावशीचं वय बहात्तर!"

"कोण बहात्तर?"

पहिल्या रांगेतून. माईक नव्हता तिच्याकडे, लागतही नाही. मालनमावशी उभी राहिली. "कोण रे मेल्या बहात्तर? मी एकोणसत्तर! चारचौघांत तीन वर्षं चढवतोस माझ्यावर? मी जन्मले त्या वर्षी बापानं विहीर बांधली, विहिरीवर साल कोरलंय, छप्पन्न! चल, दाखवते! गाडी काढ!"

लोक हसले. मी पण हसलो, म्हटलं, "मावशी, बायकांचं वय आपण एक्सच मानू या," आणि टाळीसाठी थांबलो. टाळी नाही आली. आली कोण? शिवानी. माझी मुलगी, नववीत, माझ्याच क्लासला. सरळ फळ्यापाशी आली, माझ्या हातातला खडू घेतला, आणि म्हणाली, "बाबा, मी ताळा करते."

अहो, मीच शिकवलेलं! कोणाला ओरडणार?

तिनं मांडायला सुरुवात केली. मोठ्यानं बोलत बोलत मांडायचं, हे पण माझंच. "मावशीआजी छप्पन्नची. आजी तिच्याहून नऊनं मोठी, म्हणजे सत्तेचाळीसची. आज अठ्ठ्याहत्तर. बरोबर? लग्नात मावशीआजी निम्मी, म्हणजे मावशीआजी नऊ, आजी अठरा. म्हणजे लग्न पासष्ट सालात. आणि मोठ्या काकांचा जन्म... बाबा, काका एकसष्ट ना? म्हणजे चौसष्ट." थांबली. फळ्याकडे बघितलं. पोरगी निरागस हो, तिला काय कळतंय, ती फक्त वजाबाकी करत होती. म्हणाली, "बाबा, काका लग्नाच्या एक वर्ष आधी जन्मले?"

दीडशे माणसं. एक्याऐंशी दिवे जळतायत, पाटावर नथ घालून आई बसलीय, आणि फळ्यावर, माझ्या फळ्यावर, माझ्या खडूनं लिहिलंय की हिचा मोठा मुलगा लग्नाआधीचा! गुरुजींनी पोथीत डोकं घातलं. मागच्या बाजूला दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मला दिसलं ते. आणि मी काय केलं असेल? फळा पुसला असेल? आईजवळ गेलो असेन? मी, तुम्हाला सांगतो, मी फळ्यावर चूक शोधत होतो! म्हटलं, कुठेतरी चिन्ह चुकलंय, वजाचं अधिक झालंय...

आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तरी बोलली नाही हो. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण कोणाला तरी शब्द दिलेला होता तिनं, आणि ती तो पाळत बसली होती, त्या पाटावर, दीडशे माणसांच्या नजरा झेलत.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा पुढे आला. हातात अजून एक खुर्ची तशीच होती, ती त्यानं बाजूला ठेवली. म्हणाला, "ऐका जरा. पोरीचं गणित बरोबर आहे. माझा कागद खोटा आहे."

मी म्हटलं, "दादा, तू थांब—"

"तू थांब," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल. "बाबा गेले तेव्हा मी पंधराचा. कारखान्यात त्यांच्या जागी घ्यायला तयार होते, पण अठरा पुरी पाहिजेत म्हणाले. मग दाखल्यावर तीन वर्षं वाढवली. कोणी वाढवली विचारू नका, तो माणूस आता नाही. आईनं आणि मी एकमेकांना शब्द दिला, कोणाला सांगायचं नाही, नोकरी जाईल, धाकटा शिकतोय. मी सदुसष्टचा आहे. आज अठ्ठावन्न. हिच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं बघू नका."

आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, जणू मला वाईट वाटेल म्हणून जपून म्हणाला, "आनंदा, दहावीला मी तीनदा नाही रे बसलो. एकदापण नाही. गणिताचा पेपर अकराला होता. मी सातच्या पाळीला गेलो."

धाकटा शिकतोय! तो धाकटा कोण? खडू हातात घेऊन उभा होता तो! त्या पाळीवर माझी शाळा झाली, माझं बी.एस्सी. झालं, आणि त्या बी.एस्सी.च्या जोरावर मी बावीस वर्षं त्याच माणसावर पोरांना हसवलं. आणि बघा, तीन वर्षं लवकर चिकटला, तर कागदानं तीन वर्षं लवकर घरी पण बसवला. पंचावन्नाव्या वर्षी रिटायर! आम्ही त्याला शाल दिली होती तेव्हा. मी भाषण केलं होतं. 'वय झालं की माणसानं थांबावं' म्हणालो होतो मी.

जमीन दुभंगावी वगैरे लोक म्हणतात ना, मला वाटायचं उगाच म्हणतात. नाही. त्या हॉलच्या फरशीकडे मी खरंच बघत होतो, कुठे फट आहे का.

तेवढ्यात गुरुजी खाकरले. "अहो सर, वय अठ्ठ्याहत्तर म्हणजे... पौर्णिमा किती होतात मग?" आणि माझी मुलगी, तिला कोण थांबवणार, तिनं लगेच गुणाकार केला. "जवळजवळ नऊशे पासष्ट. पस्तीस कमी पडतात, बाबा." पस्तीस! अख्ख्या गणितात दुसरा आकडा नव्हता? ज्या पस्तीससाठी मी दादाला बावीस वर्षं नापास केला, तेच पस्तीस माझ्या तोंडावर!

गुरुजी म्हणाले, "संकल्प तर सोडलाय, आता काय करायचं?" मी गणिताचा मास्तर, मला वजाबाकीसुद्धा येईना.

मग आई बोलली. पदर मागे केला आणि विचारलं, "दिवे किती लावलेत?"

"एक्याऐंशी," नंदा म्हणाली.

"माझे किती?"

"अठ्ठ्याहत्तर, आई."

"मग वरचे तीन कोणाचे?"

आईनं परातीतले तीन दिवे उचलून ताटात ठेवले, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि म्हणाली, "महिपत, इकडे ये. बस." तो नको नको म्हणत होता, खुर्च्या लावायच्यात म्हणत होता. अहो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आईनं दंड धरून पाटावर बसवला. कपाळाला कुंकू लावलं, तीन दिव्यांनी ओवाळलं आणि म्हणाली, "हे तुझे. माझ्यात धरू नका." बस्स. दादा रडला. मालनमावशी रडली, मोठ्यानं, तिला हळू येत नाही. मी फळ्यामागे उभा होतो. मी पण रडलो, पण तो फळा चार बाय सहाचा आहे, कोणाला दिसलं नाही.

जेवताना मी दादाच्या पानावर वाढायला गेलो. म्हटलं, "दादा, माफ कर." तो म्हणाला, "अरे, त्यात काय? तुला काय माहीत होतं?" तेच तर! मला काय माहीत होतं? काहीच नाही! आणि माहीत नसलं की विचारायचं सोडून मी मानत गेलो. आई अडाणी मानली. मावशी बडबडी मानली. दादा नापास मानला. मानायला काय जातंय!

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं, गोड झालं. कसलं गोड? आई दर पौर्णिमेला मला गच्चीवर नेते. गुडघे दुखतात तरी चार जिने चढते, चंद्राला हात जोडते आणि मला म्हणते, "किती राहिल्या?" मी सांगायचं. परवा म्हटलं, "तेहतीस." म्हणाली, "नीट मोजतोस ना? ताळा कर." आणि दुसरीकडून दादा! दादानं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावीला बसणार म्हणतो. फॉर्मवर जन्मतारीख लिहायची होती, मला विचारायला आला, "आनंदा, इथे कुठली लिहू?" आता सांगा काय लिहायला सांगू? दाखल्याला जुळायला हवी, म्हणजे खोटीच लिहायची! गणितात कागदावर असतं तेच खरं, असं कुठल्या तोंडानं म्हणू? "लिही दाखल्यावरची," म्हटलं, आणि दुसरीकडे बघितलं.

तर रोज संध्याकाळी दादा वागळे इस्टेटच्या घरून कोपरला येतो. शेवटच्या बाकावर बसतो, वहीला कव्हर घातलेलं, पेन्सिलीला टोक केलेलं, आणि मला वर्गात 'सर' म्हणतो. अहो, 'सर' म्हणतो! म्हटलं, दादा, नको रे. तर म्हणतो, "वर्गात वर्गासारखं." पस्तीस मिळाले तरी बास आहेत म्हणतो.

काल नवीन धडा सुरू केला. दोन चलांतील रेषीय समीकरणं. सवयीनं पाठ फिरवून फळ्यावर लिहिलं, 'समजा, आईचे वय एक्स वर्षे मानू.' तर मागून आवाज, "सर."

वळून बघितलं. दादाचा हात वर.

"मानायचं कशाला, सर? आत बसलीय ती. विचारून या की."

पोरं हसली नाहीत हो. सगळी माझ्याकडे बघत होती, आता सर काय करतात म्हणून. काय करणार? खडू ठेवला. आत गेलो. आई तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आई, तुझं वय किती?"

आईनं वर पाहिलं, चष्मा नीट केला आणि विचारलं, "कागदावरचं सांगू, की विहिरीवरचं?"

बाहेर आलो. फळा पुसला. म्हटलं, मुलांनो, आज आपण कलिंगडांचं उदाहरण घेऊ.